नवस आणि नित्यकर्म

सिकलसेल हा रक्ताचा आजार मुलाला आई आणि वडील अशा दोघांकडून मिळतो. दोघेही वाहक असले, तर दर खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहकाला स्वतःला सहसा काही त्रास नसतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडच्या पश्चिमेला कळवण, सुरगाणा, पेठ या आदिवासी पट्ट्यात हा आजार ओळखीचा आहे. निदान झाले की घरात एक प्रश्न उठतो, आणि तो डॉक्टरला विचारण्यासारखा नसतो: हे भोग कोणाचे?

आईबापाचे पाप पोराच्या पदरात पडते, या समजुतीला शास्त्राधार आहे. अधर्माचे फळ करणाऱ्याला मिळाले नाही तर मुलांना, मुलांना नाही तर नातवंडांना मिळते, असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. जैन मत अगदी उलट. देहदुःख असातावेदनीय कर्माने येते आणि ते ज्याचे त्यालाच भोगावे लागते. आईलाही त्यातला वाटा उचलता येत नाही. डोंगरात जैन लेणी आणि गावात 1928 पासूनचा नेमिनाथ ब्रह्मचर्याश्रम असलेल्या चांदवडला हे मत परके नाही. त्याने आईबाप सुटतात, पण चार वर्षांच्या पोराने मागल्या जन्मी काहीतरी केले असणार, असे म्हणायची पाळी येते. दोन्ही उत्तरांना कोणीतरी दोषी हवाच असतो. जनुकशास्त्राचे म्हणणे वेगळे: दिले आईबापांनीच, पण त्यांच्या हातून वावगे काही घडले नाही. देणारा आहे आणि दोष नाही, ही जागा पापपुण्याच्या हिशेबात सहसा सापडत नाही.

उपायाबाबत मात्र घरात फारसा वाद होत नाही. गोळ्याही चालू असतात आणि मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या रेणुकामातेला नवसही बोललेला असतो. अडचण निराळीच आहे. नवसाला शेवट असतो: मूल बरे झाले, ओटी भरली, नवस फिटला. सिकलसेलमध्ये बहुतेक मुलांच्या बाबतीत असा दिवस येत नाही. हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्यांनी दुखण्याचे झटके कमी होतात, आजार जात नाही. मग नवस फेडायचा कधी?

धर्मशास्त्रातले दुसरे एक वर्गीकरण इथे जास्त उपयोगी पडते. नवस हे काम्य कर्म, फळासाठी केलेले. संध्येसारखे नित्यकर्म रोज करायचे. मीमांसकांच्या एका मताप्रमाणे ते केल्याने वेगळे फळ नाही, चुकवले तर दोष मात्र आहे. आजारी मुलाचे संगोपन या दुसऱ्या जातीचे आहे. पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन, दप्तरात पाण्याची बाटली, थंडीत कानटोपी, ताप आला की वाट न बघता दवाखाना. मूल फिकट दिसले की आई त्याला उताणे निजवते आणि डाव्या बरगडीखाली बोटे दाबून प्लीहा वाढली का ते चाचपते; हे तिला दवाखान्यात शिकवलेले असते. यातले काहीही कधी पुरे होत नाही, आणि चांगले गेलेले वर्ष पुढच्या वर्षाची हमी देत नाही.

नवसाबद्दल खरा नैतिक आक्षेप तो फेडतो कोण, हा आहे. आईने अनवाणी चालत येणे हा तिचा प्रश्न. पण महाराष्ट्रात नवसापोटी पोटचे मूलच देवाला वाहिले जाई. खंडोबाच्या वाघ्या-मुरळ्यांत अशी मुले असत. मुली देवाला वाहणे 1934 च्या मुंबई देवदासी संरक्षण कायद्याने बेकायदा ठरले. जी बोली मुलाने केली नाही ती त्याच्या आयुष्यावर टाकायची नाही, हे तत्त्व त्यामागे दिसते.

तेच तत्त्व सुईलाही लावता येईल का? मुलाने सलाईनला होकार दिलेला नसतो. दोघांनी हात धरून ठेवलेले असतात आणि तो रडत असतो. फरक इतकाच की सुईचा लाभ त्याच्याच पदरात पडतो, नवसाचे समाधान बऱ्याचदा मोठ्यांच्या. म्हणून हात धरण्याचा अधिकार पालकांना मिळतो, पण तो मुदतीचा आहे. सातआठ वर्षांच्या मुलाला गोळी कशासाठी ते कळते, दहाबाराव्या वर्षी ती आपली आपण घेता येते, आणि तिथून पुढे त्याला विचारावे लागते.