आहेराची वही

साखळीच्या धंद्यात पहिल्या दिवशी माल दाखवत नाहीत, कोरा कागद देतात. शंभर नावं लिहा म्हणतात. माझी गाडी साठावर अडली, तेव्हा मी आमच्या लग्नातली आहेराची वही काढली. कुणी स्टीलचा डबा दिलेला, कुणी एकशे एक रुपये. ज्यांनी आम्हाला दिलं होतं, त्यांच्याकडेच मी घ्यायला निघालो होतो. त्या वेळी मात्र आपण संधी वाटत चाललोय, असंच वाटलं.

मग दोन वर्षं लोकांच्या घरचे पोहे खात ‘प्लॅन’ दाखवला. डावीकडे एक, उजवीकडे एक, त्यांच्याखाली पुन्हा दोन-दोन. असं दुप्पट करत गेलं की सत्ताविसाव्या ओळीपर्यंत 13 कोटी 42 लाख माणसं लागतात. 2011 च्या जनगणनेत अख्खा महाराष्ट्र 11 कोटी 24 लाखांचा होता. पण माणसं संपतात, हा माझा खरा आक्षेप नाही. ही साखळी चौथ्या ओळीवर थांबवा नाहीतर विसाव्या, निम्म्याहून जास्त माणसं शेवटच्या ओळीतच असतात. त्यांच्याखाली कुणी नसतं. माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला खपत असता तर गोष्ट वेगळी. आमचा माल आम्हीच विकत घेत होतो. वरच्यांची कमाई खालच्यांच्या खिशातूनच येत होती. ‘जो टिकला नाही त्यानं मेहनत केली नाही,’ असं बैठकीत सांगायचे. शेवटच्या ओळीतल्यानं मेहनत केली तर काय होतं? त्याच्या जागी दुसरा कुणीतरी येऊन बसतो, इतकंच.

शंका काढली की पडद्यावर कायदा दाखवायचे. पैशांच्या साखळी योजनांवर बंदी घालणारा कायदा 1978 चा आहे. 2021 च्या डायरेक्ट सेलिंग नियमांनीही पिरॅमिड योजनांना मनाई केली. आम्ही मध्ये पावडरचा डबा ठेवला होता, म्हणून आम्ही त्यातले नव्हतो म्हणे. असेलही. पण कायदा कंपनीकडे बघतो. माझ्याखाली आलेल्या माझ्या मावशीनं कंपनी पाहिलीच नव्हती, तिनं माझं तोंड बघून पैसे दिले होते.

सोडणं अवघड गेलं नाही. खरेदी थांबवली, बैठकांना जाणं बंद केलं. ‘तत्त्वासाठी सोडलं’ असं चारचौघांत सांगायलाही बरं वाटतं. (मी तोट्यात होतो, हे त्यात सांगायचं राहून जातं. फायद्यात असतो तर तत्त्व इतक्या लवकर आठवलं असतं का, कोण जाणे.) पण माझ्या बाहेर पडण्यानं माझ्याखालचे सात जण सुटले नव्हते. उलट, मी आत आहे म्हणून तर ते आले होते.

म्हणून त्यांचे पैसे पाकिटात घालून सातही घरी गेलो. दोघांनी मला दारातूनच परत पाठवलं. नवीन प्लॅन आणलाय असं त्यांना वाटलं असणार. तिघं म्हणाले, जाऊ दे, झालं ते झालं. एक जण अजून आत आहे, त्यानं मलाच समजावलं. मावशीनं पाकीट घेतलं, उघडलं आणि माझ्यासमोर नोटा मोजल्या. याआधी तिनं माझ्याकडून कधी मोजून पैसे घेतले नव्हते.