वार्धक्य कोणी सोसावे?

गोमंतकात माडाच्या सुरीने सान्नांचे पीठ फुगते, ते मुख्यतः यीस्ट नामक एकपेशी जीवांच्या उद्योगाने. या क्षुद्र जीवालाही वार्धक्य आहे, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. मातृपेशीच्या अंगावर कळीसारखी कन्यापेशी उमलते व विलग होते. अशा सुमारे २०-२५ कन्यांना जन्म देऊन माता मरते. तिचे आयुष्य असे मर्यादित असते, हे मॉर्टिमर व जॉन्स्टन यांनी १९५९ साली दाखविले.

पूर्वी सूक्ष्मदर्शकाखाली सुईने एकेक कन्या बाजूस सारावी लागे. आता पारदर्शक सिलिकॉन रबरात केसाहूनही बारीक नलिका घडवितात. त्यांत माता अडकून राहते, पोषकद्रवाचा प्रवाह कन्यांना वाहून नेतो, आणि एका जीवाचे अवघे आयुष्य न्याहाळता येते.

आयुष्यभर साचलेली बिघडलेली प्रथिने माता बहुतांशी स्वतःपाशी ठेवते. कन्या नवे आयुष्य घेऊन निघते. ययातीने नेमके उलट केले. आपले वार्धक्य पुरूस देऊन त्याचे तारुण्य घेतले. पेशीला नीती नाही. तिच्या वर्तनास त्याग म्हणणे भाबडेपणाचे होईल. शिवाय अतिवृद्ध मातांच्या कन्या अल्पायुषी निपजतात. म्हणजे ओझे कधीतरी पुढच्या पिढीवर उतरतेच.

पेशी दोन वाटांनी म्हातारी होते: एकीत तिच्या जनुकद्रव्याची घडी विस्कटते, दुसरीत ऊर्जा निर्माण करणारी अंगे खचतात. सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ साली जनुकांची अशी जुळणी केली की, पेशी कोणत्याही एका वाटेस कायमची न लागता दोहोंमध्ये आंदोलत राहावी. तिचे आयुष्य ८२ टक्क्यांनी वाढले. ही वाढ कन्येकडून उसनी घेतलेली नव्हती; मातेचा स्वतःचाच ऱ्हास लांबला होता.

दीर्घायुष्य मागणे हे पाप नव्हे. देवापाशी आपण शतायुष्य मागतोच. वृद्धांची सेवा हा तर गृहस्थाचा धर्म होय. परंतु सेवा घेणे निराळे आणि लेकीसुनांच्या उमेदीची वर्षे आपल्या हक्काची समजणे निराळे. मनुष्याचे आयुष्य वाढविणारी विद्या उद्या हाती आली, तर किती वर्षे मिळतील यापेक्षा त्यांचे मोल कोण देईल, हे आधी विचारले पाहिजे.

पुरूने स्वखुशीने दिले, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण देणाऱ्याच्या खुशीने घेणाऱ्याचा विवेक सुटत नाही. ययातीलाही ते तारुण्य अखेर परत करावेसे वाटले.