पूर्वपक्षाचा मान

जबलपूर हे नाव जाबाली ऋषींवरून पडले, असे परंपरा सांगते. अरबीतील ‘जबल’, म्हणजे डोंगर, या शब्दापासून ते आले असेही एक मत आहे. गावाभोवतीचे प्रचंड खडक पाहिले की दुसरे मतही पटू लागते. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात नांदत होती, तेव्हा हा वाद मराठी माणसाला अगदीच परका नाही. पण येथे व्युत्पत्तीचा निकाल लावावयाचा नाही. पहिले मत ग्राह्य धरले, तर नर्मदाकाठचे हे मोठे नगर अशा एका विचारवंताचे नाव वागवीत आहे, की ज्याची ओळख तत्त्वज्ञानाच्या नवख्या वाचकाला सहसा करून दिली जात नाही. आणि दिलीच तर ती ‘नास्तिक’ या एका शब्दात उरकली जाते.

अयोध्याकांडात भरताबरोबर चित्रकूटावर गेलेला जाबाली रामाला राज्य स्वीकारण्याचा सल्ला देतो. कोण कोणाचा? माणूस एकटा जन्मतो, एकटाच मरतो. मातापिता म्हणजे वाटेवरची धर्मशाळा. श्राद्धात अन्नाची नासाडी होते, कारण मेलेला काय खाणार? एकाने जेवलेले दुसऱ्याच्या अंगी लागत असते, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी कशाला बांधून द्यावी, त्याच्या नावाने घरीच श्राद्ध घालावे. राम संतापतो, सत्याचा महिमा सांगतो आणि असा माणूस पदरी ठेवल्याबद्दल पित्यालाही दोष देतो. मग जाबाली म्हणतो की आपण नास्तिक नाही, प्रसंग पाहून बोललो. वसिष्ठही त्याची बाजू सावरून घेतात. मला या प्रसंगात सर्वांत मोलाची वाटते ती कवीची वृत्ती. ज्याचे म्हणणे खोडून काढावयाचे, त्याच्या तोंडी त्याने दुबळा युक्तिवाद घातलेला नाही. शिदोरीचा दृष्टान्त आजही ऐकणाऱ्याला क्षणभर अडवितो, आणि रामाचे उत्तर श्राद्धाविषयी नसून सत्याविषयी आहे, हेही चाणाक्ष विद्यार्थ्याच्या ध्यानात येते.

हाच दृष्टान्त पुढे चौदाव्या शतकात माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहात चार्वाकांच्या मतात आढळतो. चार्वाकांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांचा परिचय आपल्याला मुख्यतः त्यांच्या प्रतिपक्षांनीच घडविला. माधवाचार्य स्वतः वेदान्ती, तरीही त्यांनी ग्रंथारंभी चार्वाकांना बोलू दिले. खंडन करण्यापूर्वी पूर्वपक्ष मांडावा, आणि तो पूर्वपक्ष्याला ओळखता येईल असा मांडावा, ही आपल्या शास्त्रकारांची शिस्त केवळ वादकौशल्याची नव्हती. अनुपस्थित माणसाशी प्रामाणिक राहण्याची ती रीत होती. ती सर्वांनी नेहमीच पाळली असे मात्र नाही. पाळली असती, तर आ. ह. साळुंखे यांना ‘आस्तिकशिरोमणी चार्वाक’ असे उलटे वाटणारे नाव देऊन पुस्तक लिहिण्याची गरज भासली नसती.

प्राचीन तत्त्ववेत्त्यांची ओळख करून देणे हे म्हणूनच नैतिक जोखमीचे काम आहे. ज्याची ओळख करून द्यावयाची तो हजर नसतो, आणि ज्याला ती करून द्यावयाची त्याच्यापाशी पडताळा पाहण्याचे साधन नसते. दोघेही मध्यस्थाच्या स्वाधीन.

या मध्यस्थीचे विलक्षण उदाहरणही जबलपूरचेच आहे. येथील महाकोशल महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकविणाऱ्या आचार्य रजनीशांनी १९६६ मध्ये अध्यापन सोडले आणि १९७४ पासून पुण्यात हेराक्लायटस, लाओत्से, पायथागोरस, बुद्ध यांच्यावर प्रवचने दिली. ग्रीक आणि चिनी विचारवंतांची नावे ज्यांच्या कानी एरवी पडली नसती, अशा अनेकांना ती त्यांच्यामुळे परिचित झाली. हे श्रेय नाकारणे कोतेपणाचे ठरेल. तथापि ती प्रवचने एकापाठोपाठ एक वाचली की सर्व तत्त्ववेत्ते एकाच आवाजात बोलू लागतात, आणि तो आवाज त्यांच्यापैकी कोणाचाच नसतो. हेराक्लायटस आणि लाओत्से या दोघांनीही पाण्याचा दाखला दिला, हे खरे. परंतु हेराक्लायटसला नदीत दिसतो अखंड पालट, आणि त्या पालटामागे द्वंद्व. संघर्ष हाच त्याच्या लेखी न्याय. लाओत्सेचे पाणी कोणाशीही झगडत नाही, सखल जागा धरते आणि तरीही कठीणाला झिजविते. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा दोघांनाही साक्षीला बोलाविता येईल. साक्ष मात्र दोन वेगळ्या बाजूंनी होईल. हा विरोध पुसून टाकला की नवख्याला समाधान लाभते, विचार करण्याचे कारण उरत नाही.

सॉक्रेटिसने स्वतः काहीच लिहिले नाही. त्याची ओळख प्लेटोने करून दिली, झेनोफनने दिली, आणि त्याच्या हयातीतच अॅरिस्टोफेनिसने प्रहसनातून दिली. इ. स. पूर्व ३९९ मध्ये अथेन्सच्या न्यायसभेने त्याला विष घेण्याची शिक्षा दिली, त्यातील एक आरोप तरुणांना बिघडविल्याचा होता. ‘मेनो’ या संवादात तो एका अशिक्षित दास-मुलाला दोन फूट बाजूचा चौरस दाखवून दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू विचारतो. मुलगा प्रथम चार म्हणतो, मग तीन, आणि मग आपल्याला ठाऊक नाही असे कबूल करतो. पुढे कर्ण सापडतो. त्या उत्तरार्धातले प्रश्न इतके सूचक आहेत की मुलाला ‘होय’ म्हणण्यावाचून फारसे काम उरत नाही, ही शंका मला अजून सोडीत नाही. पण प्लेटोने प्रश्न शब्दशः मांडून ठेवले म्हणूनच ती घेता येते.

पूर्व आणि पश्चिम यांची प्रत्यक्ष गाठ मिलिंदपञ्हात पडते. ग्रीक राजा मिनँडर, पाली परंपरेतला मिलिंद, नागसेनाशी संवाद करू इच्छितो, तेव्हा नागसेन आधी अट घालतो : पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलू, राजांच्या रीतीने नव्हे. पंडितांच्या वादात गुंडाळणे असते, उलगडणे असते, चूक पदरात घेणे असते, पण कोणी रागावत नाही. राजांच्या वादात असहमताला दंड होतो. मिलिंद ही अट मान्य करतो; रथाचा प्रसिद्ध प्रश्न त्याआधीच होऊन गेलेला असतो. वर्गातल्या फळ्यापुढे उभा असलेला शिक्षक बहुधा स्वतःला नागसेन समजतो. दंड करण्याचा अधिकार मात्र तेथे त्याच्याकडे असतो.

जाबाल हे नाव धारण करणारा दुसरा एक जण छांदोग्य उपनिषदात आहे. जबालेचा पुत्र सत्यकाम गौतमाकडे येतो. गोत्र विचारल्यावर, आईलाही ते ठाऊक नाही, असे जसेच्या तसे सांगतो. गौतम त्याला स्वीकारतो आणि चारशे रोडक्या गाई देऊन रानात धाडतो. गाई हजार होईपर्यंत तो परतत नाही. वाटेत बैल, अग्नी, हंस आणि मद्गू पक्षी त्याला एकेक पाद शिकवितात. परत आल्यावर गुरू विचारतो, तुला कोणी शिकविले? माणसांहून वेगळ्यांनी, तो म्हणतो. पण मला ते आपल्याकडून ऐकावयाचे आहे. तेव्हा गौतमाने त्याला तेच सांगितले आणि त्यातले काहीही गाळले नाही.