सोयरिकीची अरुंद वाट

मलप्रभा उगवते ती खानापूर तालुक्यात, कणकुंबीला. तिच्या खोऱ्यात भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना आणि पुढे डेक्कन कॉलेजच्या आर. व्ही. जोशींना अश्मयुगीन हत्यारे सापडली. ती घडवणारे आपले फार दूरचे भाऊबंद. आपले थेट पूर्वज मात्र आफ्रिकेबाहेर पसरले ते सुमारे साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी, आणि होते मोजकेच. थोडक्यांपासून वंश वाढला की जनुकांतले वैविध्य आटते; आफ्रिकेबाहेरच्या माणसांत ते आजही कमी आहे. त्या पूर्वजांचा नाइलाज होता. आपण मात्र ही अरुंद वाट मुद्दाम धरली आहे.

जनुकांचा पुरावा सांगतो की साधारण ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी या उपखंडातले लोक एकमेकांत मिसळत होते. मग जातीबाहेरच्या सोयरिकी बंद पडल्या. २०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी दक्षिण आशियातले अडीचशेहून अधिक समाज तपासले. त्यांतल्या ८१ समाजांवर मोजक्याच पूर्वजांचा ठसा, अशाच थोडक्यांपासून वाढलेल्या फिनलंडच्या लोकांपेक्षाही, ठळक निघाला. या ८१ पैकी १४ समाज तर दहा लाखांहून मोठे.

आपल्या भागात त्यावर आणखी एक कडी. निपाणी, चिकोडी, बेळगावकडे मराठी घरांत मामाची मुलगी करतात, कन्नड घरांत सख्खी भाचीसुद्धा. सीमेवरून भांडणारे इथे एकमताचे: मुलगी परक्यात जात नाही, जमीन फुटत नाही. पण एकच सदोष जनुक आईबाप दोघांकडे असले, तर दर बाळंतपणात चारात एक शक्यता मूल आजारी निघण्याची. नात्यात लग्न झाले की ते दोघांकडे असण्याचा धोका वाढतो. थॅलेसेमिया, जन्मजात बहिरेपणाचे काही प्रकार असेच येतात. आणि बोल लागतो सुनेच्या पायगुणाला, नाहीतर देवीच्या कोपाला! हे खोटे आहे आणि क्रूरही.

नात्यातले लग्न टाळून जातीतलेच केले तर निम्मेच काम होते. शेजारच्या कागलच्या घराण्यात जन्मलेल्या शाहू छत्रपतींनी आंतरजातीय विवाहाला कायद्याची मान्यता दिली, त्याला शंभर वर्षे उलटली. १९२५ साली निपाणीच्या परिषदेत बोललेल्या बाबासाहेबांनी पुढे १९३६ साली जातिनाशाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच सांगितला. तरी आपले वधू-वर मेळावे पोटजातीचेच. तिथल्या फॉर्मवर रास, गण, नाडी सगळे लिहून घेतात. थॅलेसेमियाच्या रक्ततपासणीचा रकाना येत्या मेळाव्यापासून घालावा, आणि जातीचा काढून टाकावा.