झाडाची हजामत

मी पंचतारांकितमध्ये नोकरीला आहे म्हटलं, की पुण्यामुंबईचे पाहुणे आदरानं खुर्ची पुढे करतात. पुढचा प्रश्न जेवणाचा असतो. मग सांगावं लागतं, की आमचं पंचतारांकित म्हणजे कागलची एमआयडीसी. इथं गाद्या नाहीत, लेथ आहेत. एप्रिलच्या दुपारी फौंड्रीतून बाहेर पडलं की पाचही तारे दिसतात, पण ते डोळ्यांपुढे!

आमच्या कारखान्यात सावलीची जागा एकच, कँटीनसमोरचं रेन ट्री. त्याची देखभाल माझ्याकडे. माझं त्या झाडावर प्रेम होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं जे घडलं ते सगळं प्रेमापोटीच घडलं.

बुंध्याला चिकटून मी सिमेंटचा पार बांधून घेतला, वर फरशी बसवली. दर मे महिन्यात एक कुऱ्हाडवाला यायचा. "वरनं साफ करू काय, सायेब?" मी म्हणायचो, "कर बाबा, हलकं कर." मजुरी म्हणून त्यानं लाकूड न्यायचं. म्हणजे जितकं जास्त तोडेल तितकी मजुरी जास्त, हे माझ्या हिशेबी डोक्यात कधी आलंच नाही. थोटकांना मी मलम म्हणून डांबर फासायचो. पावसाळ्यात भराभर फुटवे आले की अभिमानानं सांगायचो, "बघा, कसं जोमानं फुटलंय!"

तिसऱ्या वर्षीच्या वळवात त्यातलीच एक जाडजूड फांदी स्कूटर स्टँडवर कोसळली. जेवणाची घंटा व्हायला पाच मिनिटं होती. त्या पाच मिनिटांमुळे हा लेख विनोदी आहे.

मग झाडांच्या देखभालीचाच व्यवसाय करणारी एक मुलगी आली. लाकडी हातोडीनं बुंधा ठोकून ती कान देऊन ऐकू लागली. डॉक्टर छाती तपासतात तशी.

"काका, हे डांबर कुणी लावलं?"

मी कँटीनकडे बघू लागलो.

तिनं समजावलं ते असं. शेंडा छाटला की झाड उपाशीपोटी घाईनं फुटवे काढतं. ते सालीखालून वरवर चिकटलेले असतात, वजन वाढलं की निखळतात. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड ती आत कोंडतं आणि भोवती नवं लाकूड चढवतं. अलेक्स शायगो नावाच्या अमेरिकन माणसानं हजारो झाडं उभी चिरून हे पाहिलं. म्हणून फांदी कापायची ती बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या बाहेर. आधी खालून खाच घ्यायची, म्हणजे साल सोलत नाही. डांबराचा उपयोग शून्य. आणि मुळांना हवा लागते, फरशी नाही.

दाढ दुखली तर पक्कड घेतलेल्या कुणाही माणसापुढं आपण तोंड उघडत नाही. झाडाला मात्र कुऱ्हाड घेऊन येईल तो डॉक्टर! कारण एकच, झाड ओरडत नाही. जो तक्रार करत नाही त्याचं बरं चाललंय, असं आपण धरून चालतो. घरातल्या म्हाताऱ्या आईबद्दलही आपण असंच धरून चालतो, हे आठवलं आणि त्या रात्री मला जेवण गोड लागलं नाही.

आमच्याच कोल्हापूरच्या गादीचे रामचंद्रपंत अमात्य. त्यांनी १७१५च्या सुमारास आज्ञापत्रात बजावलं, की आंब्याफणसाची झाडं रयतेनं लेकरासारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. लेकरासारखं तर मीही वाढवलं होतं. पण लेकराचे लाड करणं वेगळं आणि ताप आल्यावर जाणत्याकडे नेणं वेगळं. आपल्याला कळत नाही हे कबूल करणं, हासुद्धा प्रेमाचाच भाग असावा. आणि तोच नेमका राहून जातो.

पार फोडला. स्टँड हलवला. मुलीचं बिल आलं तेव्हा अकौंट्सचे साहेब म्हणाले, "अहो, एवढे पैसे? तो कुऱ्हाडवाला फुकट करत होता की!"

"तोच महाग पडला," मी म्हणालो.


खरं तर मला म्हणायचं होतं, मीच.