पळसाच्या पानातील वाटा

(नाताळानिमित्त उपदेश)

वाचनाकरिता शास्त्रभाग : नहेम्या 8:1–12, लूक 14:12–14



नाताळाचा सण जवळ येऊन ठेपला आहे. धानाची खळी उरकत आली, पहाटे अंगणोअंगणी शेकोट्या पेटू लागल्या, आणि आमच्या ख्रिस्ती घरांतून अनारशांकरिता तांदूळ भिजत पडले आहेत. तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचे, मग ते सुकवून कुटावयाचे, गुळात मळून पीठ मुरत ठेवावयाचे, आणि शेवटी खसखशीवर थापून मंद विस्तवावर तळावयाचे. इतके सायास केल्यावाचून अनारशाला जाळी पडत नाही. कोठे आई लेकीला करंजीची मुरड घालावयास शिकवीत आहे, कोठे मुले बांबूच्या कामट्यांची चांदणी बांधून तीस रंगीत कागद चिकटवीत आहेत. या सर्व गोष्टी मला प्रिय आहेत. त्यांविरुद्ध बोलण्याकरिता मी हा उपदेश लिहीत नाही.

तथापि कित्येक भाविक जन विचारतात की, तारणाच्या सणात तळण्याचे व खाण्याचे काय काम? याचे उत्तर नहेम्याच्या पुस्तकात आहे. ख्रिस्तापूर्वी सुमारे 445 या वर्षी यरुशलेमेचा कोट पुन्हा उभा राहिला, आणि बंदिवासातून परतलेल्यांची सर्व मंडळी पाणीवेशीपुढील चौकात जमली. एज्रा शास्त्र्याने पहाटेपासून दोन प्रहरपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखविले. ते ऐकून लोक रडू लागले. तेव्हा त्यांस सांगण्यात आले की, आज रडू नका; घरी जा, उत्तम अन्न खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काहीच शिजले नाही त्यांच्याकडे वाटे पाठवा. बंधूंनो, खाणे, पिणे आणि पाठविणे ही तिन्ही एकाच आज्ञेत गोविली आहेत. पहिली दोन पाळून तिसरी सोडली, तर तो प्रभूचा आनंद न राहता निव्वळ जिभेचा आनंद होतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही तर दरवर्षी ताटे पाठवितो. होय, पाठवितो, परंतु कोणाकडे? दिवाळीस ज्यांच्या घरून आमच्याकडे फराळ आला, त्यांच्याकडे नाताळाचे ताट जाते. पाटलांकडे जाते, गुरुजींकडे जाते, दुकानदाराकडे जाते. हा शेजारधर्म आहे व तो चांगला आहे. पण नहेम्याने सांगितलेला वाटा तो हा नव्हे, कारण या सर्वांच्या घरी काही ना काही शिजलेलेच असते.

या बाबतीत माझ्या हातून जी चूक घडली ती सांगतो. काही वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका गावी मी सेवेस होतो. नाताळाच्या दिवशी आम्ही पितळी ताट अनारसे, करंज्या व चकल्यांनी भरून, वर स्वच्छ फडके घालून, गावाच्या शेवटी राहणाऱ्या एका विधवा बाईकडे मुलाच्या हाती पाठविले. ती मजुरी करून दोन लेकरे पोशीत असे. मुलगा परत आला तो ताटात ओंजळ दोन ओंजळी तांदूळ घेऊन. मला मोठे समाधान वाटले, आणि पुढच्या रविवारच्या उपासनेत मी त्या बाईच्या उदार मनाची स्तुतीही केली. उपासना संपल्यावर एक म्हातारी माझ्याजवळ आली व हळूच म्हणाली, “पाद्रीबुवा, ते तांदूळ त्या रात्रीचे होते. घरात दुसरे काही नव्हते. शेजाऱ्याचे भांडे रिकामे कसे परत करावे, म्हणून तिने दिले. लेकरांनी तुमच्याच करंज्या खाल्ल्या, आणि ती पाणी पिऊन निजली.”

मी भेट पाठविली असे मला वाटत होते. वास्तविक मी तिच्या दारी एक ऋण पाठविले होते. पुढील वर्षी माझ्या पत्नीने पळसाची पाने आणवून द्रोण लावले व त्यांतून फराळ पाठविला. ती म्हणाली, “या भांड्याला परत यावयाचे नसते.” सेमिनरीत मी कृपेच्या सिद्धांताचा पुष्कळ अभ्यास केला होता, परंतु कृपा म्हणजे काय हे मला त्या द्रोणाने समजाविले.

प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात हेच शिकविले आहे. जे उलट बोलावणे करून फेड करतील त्यांस नव्हे, तर दरिद्री, लंगडे, आंधळे यांस जेवावयास बोलावा. ते फेड करू शकत नाहीत, यातच तुमचे धन्य होणे आहे. आणि त्याने शिकविले तसेच तो स्वतः आला. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर असा आहे, आणि त्या गावी जिवंत भाकर गव्हाणीत ठेवलेली सापडली. देवाने आपला पुत्र आम्हांकडे परतफेडीच्या ताटात घालून पाठविला नाही. मेंढपाळांनी त्या गव्हाणीत काय परत ठेवले? शास्त्र त्यांची एकही भेट सांगत नाही; ते देवाची स्तुती करीत माघारी गेले एवढेच सांगते. तरी आमच्यातील कित्येक जण अजून म्हणतात, दारू सुटली की देवळात येईन, कर्ज फिटले की सहभागितेस बसेन. बंधू, तू ताट भरू पाहत आहेस! देव ताट मागत नाही. रिकाम्या हाताने घे, आणि घेतल्यावर त्याच्या बळाने दारू सोड.

आता आपल्या करंजीकडे पुन्हा पाहा. तिच्या सारणात चारोळी आहे. ती कोठून आली? उन्हाळ्यात माडिया व गोंड बाया भर उन्हात रानात फिरून चाराची फळे वेचतात, भिजवून, चोळून त्यांची साल काढतात, वाळवितात, आणि जात्यावर भरडून कठीण कवचातून तो इवलासा दाणा काढतात. इंद्रावतीपलीकडील बस्तरात तर एके काळी व्यापारी मिठाच्या बदल्यात चारोळी घेत असत. 1982 साली चांद्याची वाटणी होऊन गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, पण रान एकच राहिले, आणि त्या रानाचा गोडवा आजही दोन्ही जिल्ह्यांच्या ताटांत उतरतो. जिच्या हातचा दाणा आमच्या सारणात आहे, तिच्या घरी वाटा पाठविणे हा आमचा उपकार नव्हे. तो तिचाच हक्क आहे.

शहरातल्यासारखा केक आपल्या गावी होत नाही, म्हणून कोणी कष्टी होऊ नये. केक हा विलायतेहून आलेला पाहुणा आहे. त्याचा मान ठेवावा, पण घरच्या अनारशाची लाज धरू नये. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंग व कीर्तन प्रभूच्या सेवेस लाविले; मग आमचे तांदूळ व गूळ त्याच्या सणास का लागू नयेत?

उपदेशक बंधूंस व मंडळीच्या पंचांस चार गोष्टी विनवितो.

पहिली, सणाकरिता कर्ज काढू देऊ नका. उधारीच्या तुपातल्या दहा पदार्थांपेक्षा रोखीच्या गुळाचा एक लाडू प्रभूस अधिक मान्य आहे.

दुसरी, पहिल्या घाण्यातला वाटा आधी बाजूस काढा. सर्वांचे खाऊन उरलेले चुरलेले पाठविणे म्हणजे वाटा नव्हे.

तिसरी, वाटा स्वतः घेऊन जा, आणि बोलाविल्यास आत जाऊन बसा. आमच्या कित्येकांच्या आजोबांच्या ओंजळीत लोकांनी दुरून, वरून घास टाकला आहे. त्या घासाची चव ज्यांच्या घराण्यास ठाऊक आहे, त्यांनी कोणास दुरून देऊ नये. एखादा शेजारी आमच्या हातचे शिजलेले घेण्यास संकोचला, तर रागावू नका; त्यास कोरडा शिधा द्या, थोडे तांदूळ व गूळ द्या, आणि प्रीती कायम ठेवा.

चौथी, द्रोणाबरोबर अट पाठवू नका. वाटा हे आमिष नव्हे. कोणी विचारले की हे कशाबद्दल, तर प्रभूच्या जन्माचा आनंद म्हणून, एवढे नम्रपणे सांगा. विचारले नाही, तर नमस्कार करून परत या. ज्या देणगीच्या पोटी सौदा असतो ती पितळी ताटाहूनही जड होते.

हे प्रभू येशू, तू धनवान असता आम्हांकरिता दरिद्री झालास. आमच्या चुलीवरील कढई व आमच्या दारावरील चांदणी तुझ्या आनंदाची होवो. ज्या घरी आज काहीच शिजले नाही, ते घर आम्हांस दाखीव. आणि तेथे जाताना आमचे हात भरलेले व आमचे मन नम्र असू दे. आमेन.