सावकाश वर येणं

पाठ सैल सोडून बसा. श्वास मोजू नका. त्याला येऊ द्या, जाऊ द्या.

तुम्ही शिनोलीत आहात. वरच्या अंगाला डिंभे धरण, हुतात्मा बाबू गेनू सागर. त्या पाण्याखाली जुनं आंबेगाव आहे. घोडनदी इथून पूर्वेला भीमेकडे जाते. भीमा कृष्णेला मिळते आणि हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात पोचतं. आज आपण उलट दिशेला निघालो आहोत. गावाकडची पोहणारी मंडळी दोन दिवसांसाठी मालवणला चालली आहेत, त्यांत तुम्हीही आहात. पावसाळा सरला आहे, समुद्र निवळला आहे.

शनिवारची सकाळ. होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ थांबते. 1664 साली शिवाजी महाराजांनी ज्या कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं, त्याच्याभोवतीचे खडक पाण्याखाली पसरले आहेत. पाठीवर सिलिंडर आहे. शेजारी तुमचा जोडीदार. त्याच्याकडे एकदा नीट पाहा. पाण्यात तुम्ही त्याचे आणि तो तुमचा.

आता खाली. कान दडपतात. नाक दाबून हलकेच फुंकर मारा, थांबा, मग पुढे. दुखत असेल तर थोडं वर या, जबरदस्ती नको. चार-पाच मीटरांवर तांबडा रंग फिका पडू लागतो, सारं निळसर होतं. दहा मीटरांवर दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. इथे एकच नियम विसरायचा नाही: श्वास कधीही रोखायचा नाही.

इथे थोडं राहा. खडकाच्या कपारीतले मासे पाहा. काहीही हाताळू नका.

जोडीदार अंगठा वर करतो. पाण्याखाली त्याचा अर्थ 'छान' असा नाही. 'वर चल' असा आहे.

या प्रवासातला सगळ्यात नाजूक भाग इथून सुरू होतो. दहा मीटरांवर छातीत भरलेली हवा पृष्ठभागापर्यंत येताना दुप्पट जागा मागते. ती सोडत सोडत यायचं. शिवाय दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात मुरलेला असतो. सोड्याची बाटली एकदम उघडली की फेस उसळतो. घाईनं वर आलेल्या माणसाच्या रक्तात तसेच बुडबुडे होऊ शकतात. म्हणून मिनिटाला नऊ-दहा मीटरांपेक्षा वेगानं वर यायचं नाही. पाच मीटरांवर तीन मिनिटं थांबायचं. वर उजेड दिसतो आहे, होडीचा तळ दिसतो आहे, तरीही थांबायचं.

या तीन मिनिटांत तुम्ही आता आहात. श्वास आत. श्वास बाहेर.

वर आल्यावरही अंग लगेच मोकळं होत नाही. एका डुबकीनंतर विमानात बसायला किमान बारा तास जाऊ द्यावे लागतात, अनेक डुबक्यांनंतर अठरा. शिनोली समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून उंच आहे, आणि घाट चढतानाही हवेचा दाब उतरतोच. म्हणून रविवारी पाण्यात उतरायचं नाही. किनाऱ्यावर चालायचं, जेवायचं, झोपायचं, मगच घाटाला लागायचं.

आता स्वतःकडे वळा. तुम्हीही कशाच्या तरी दाबाखाली राहून आला असाल: घरातलं आजारपण, गेलेलं माणूस, पाण्याखाली गेलेलं गाव. लोक म्हणतात, झालं ते झालं, आता बाहेर ये. ते मायेनंच म्हणतात. पण दाबाखाली जे अंगात मुरलं, ते त्याच्या गतीनं बाहेर पडतं. उजेड दिसत असताना थांबणं ही कमजोरी नाही. वर येण्याची रीतच ती आहे.

आणि ती रीत एकट्यानं पाळायची नसते. उठण्याआधी एक नाव मनात आणा, ज्याच्यासोबत तुम्ही सावकाश वर येऊ शकाल. आज त्याला फोन करा.